विचारू नका, कळवू

तिनं फळ्यावरचा बाण पुसला आणि उलट्या दिशेनं काढला.

“सध्या प्रत्येक दुकानाचा संगणक गोदामाला सारखा विचारतो, माल निघाला का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’. आपला सर्व्हर नुसता ‘नाही’ म्हणून म्हणून दमतो. दुकानं आणि गोदाम यांचे संगणक जोडणाऱ्या नव्या एपीआयमध्ये हे उलटं करू. विचारू नका, काही असलं की आम्हीच कळवू.”

शेवटच्या शब्दांपाशी तिचा आवाज खाली गेला. परगावी नोकरीला जाताना मुलगा हेच म्हणाला होता. ‘आई, सारखं विचारू नकोस गं. काही असलं की मीच कळवीन.’ तिनं ते व्रतासारखं पाळलं. विचारलं नाही. त्यानंही कळवलं नाही.

समोर चाचणी विभागातला सहकारी बसला होता. ऑफिसात सगळे त्याला शंकासुर म्हणत.

“ताई, एक शंका.”

“एकच? बरं आहे ना तुला?”

तो हसला. “गोदामाकडून काहीच आलं नाही, तर दुकानानं काय समजायचं? माल निघाला नाही, की मधली लाइनच तुटली? विचारत होतो तेव्हा निदान ‘नाही’ तरी ऐकू यायचं.”

तिनं मार्करचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मग पुन्हा विचारणंच ठेवायचं का?” त्यानं विचारलं.

“नको. त्याचा जाच होतो समोरच्याला.” ती म्हणाली. “काही घडलं नसलं तरी रोज एकदा ‘आहे’ एवढंच पाठवायचं. उत्तर मागायचं नाही.”

“सांगण्यासारखं काही नसताना? गोदामवाले कुरकुरतील.”

“एका शब्दाचं कसलं आलंय ओझं? आधी आपल्या बाजूनं सुरू करू.”

तो चहाला गेला. तिनं फोन उघडला. मुलाचा शेवटचा निरोप तो गेला त्या दिवशीचाच होता, ‘पोचलो.’ तिनं ‘कसा आहेस’ लिहिलं, पुसलं. ‘जेवलास का’ लिहिलं, तेही पुसलं. मग ‘मी आहे रे, बरी आहे’ एवढंच पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाठवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. निरोप वाचल्याची खूण उमटायची, बस्स. तिनं नेम मोडला नाही.

मग एका दुपारी नव्या एपीआयची बैठक लांबली. गोदामवाले आणि शंकासुर इरेला पेटले होते, आणि तिला मान वर करायला सवड नव्हती. टेबलावरचा फोन थरथरला.

‘आई, आज तुझं आलं नाही?’

“ताई, तुमचं काय मत?” शंकासुर विचारत होता.

तिनं हातानंच त्याला थांबवलं, आणि तो प्रश्न पुन्हा एकदा सावकाश वाचला.