उजवा जरा निळसर

आमच्या ह्यांनी छापखान्यात जन्मभर शाई जुळवली. त्यामुळे पेंटरने मधल्या खोलीच्या भिंतीवर राखाडीचे दोन पट्टे मारून दिले, तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण लांबणार. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. ह्यांना मात्र सकाळी डावा उबदार वाटायचा आणि उजवा निळसर. दुपारी उलट. दिवा लावला की पुन्हा पहिल्यापासून.

महिनाअखेरीस भाऊ परदेशी जाणार होता. त्याच्याकडे असलेली माझी आई ह्याच खोलीत राहायला येणार होती. तिला आता धरून उठवावं लागतं. तिच्यासाठी आणलेला पलंग हॉलमध्ये आडवा पडला होता आणि मी येता-जाता त्याला ठेचकाळत होते.

"अहो, रंग निवडताय की जावई?"

"घाई कसली? वाळल्यावर रंग बदलतो."

पट्टे कधीच वाळले होते. पेंटर रोज यायचा, चहा पिऊन जायचा. शेवटी तोही कंटाळला. "वहिनी, उद्यापासून मी दुसऱ्या कामावर जातो."

हे बँकेत गेले होते. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी म्हटलं, "उजव्या पट्ट्यावर डावाच रंग मारा. चांगले दोन हात द्या."

संध्याकाळी ह्यांनी खिडकी उघडली, एक डोळा मिटला, मागे सरले. "डावा ठीक आहे. उजवा अजून निळसर दिसतोय. आणखी दोन दिवस बघू."

शाईतला थेंबभर फरक ओळखणारा हा माणूस. तो भिंतीकडे बघतच नव्हता.

"दोन्ही एकच आहेत," मी म्हटलं. "उजव्यावर सकाळी मीच डावा रंग मारून घेतला. आई यायला नकोय, असं सरळ सांगा ना."

हे रंगाच्या डब्यावर बसले.

"तुझ्या वडिलांचं केलं. माझ्या आईचं केलं. ह्याच खोलीत. आता नाही होत गं माझ्याच्याने."

संतापाने माझं डोकं फिरलं. माझी आई आहे, मी बघीन तिचं, तुम्ही बोटसुद्धा लावू नका. सगळं जिभेवर तयार होतं. पण त्या दोघांच्या चादरी बदलून मीही तितकीच दमले होते. मी तिथेच फरशीवर बसले.

तिकडे आई बॅग भरून बसली होती.