शंख फुंकणारा पत्रा

मित्रांनो, माझ्यावरचा गंज पाहून नाक मुरडू नका. मी हैती देशातला एक जुना पत्रा आहे. मूळचे मी तेलाचे पिंप. रिकामे झाल्यावर भंगारात पडलो होतो. तिथल्या एका लोहाराने मला उचलले, चिरून सपाट केले आणि छिन्नी-हातोडीने माझ्यातून एक माणूस कापून काढला. काय हात होता त्याचा! माणसाच्या तोंडाशी शंख आणि पायात तुटलेली साखळी.

त्या लोहाराचे पूर्वज उसाच्या मळ्यात गुलाम होते. शंख फुंकून त्यांनी एकमेकांना हाक दिली, मालकांविरुद्ध उठले आणि बारा-तेरा वर्षे लढून स्वतःचा देश मिळवला. म्हणून तिथले कलावंत अजूनही तो शंख आणि ती साखळी घडवतात.

१९७८ साली जहाजावर नोकरी करणाऱ्या एका माणसाने मला नागपूरला आणले आणि आपल्या बहिणीला, शामलाबाईंना दिले. त्या शाळेत चित्रकला शिकवत. वर्गाच्या भिंतीवर मी मोठ्या तोऱ्यात राहत असे. एकदा मागची कडी निखळली, म्हणून बाईंनी मला जरीपटका भागातल्या मारोतराव मिस्त्रींकडे दुरुस्तीला टाकले. ते विहिरींवरचे पंप दुरुस्त करीत. त्यांनी कडी बसवली आणि, अरे देवा, साखळीही वेल्डिंग करून जोडून टाकली! मी पुन्हा गुलाम झालो.

"बाई, साखळी तुटली होती, तेबी जोडून देली," मारोतराव खुशीत म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. "अहो मारोतराव, ही साखळी ह्या माणसानं स्वतः तोडली आहे," असे म्हणून त्यांनी सारी हकिगत सांगितली.

मारोतरावांनी मला पुन्हा हातात घेतले. "काय करून बसलो मी! सुटलेल्या माणसाले बांधून टाकलं?"

गॅसने कापले असते तर पातळ पत्रा वितळून माझा पायच गेला असता. त्यांनी छिन्नी घेतली. एकेक घाव जपून घातला. अंगातला सदरा घामाने भिजला. त्या लोहारानंतर असा हात मला पहिल्यांदाच लागला. टण्! जोड सुटला आणि पायावर साधा ओरखडाही उठला नाही. मारोतरावांनी माझ्या पायाला हात लावून कपाळाला लावला.

"माफ कर गा भाऊ," ते म्हणाले. "आता कोनी बांधत नाही तुले."

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, कोरडे ठेवा. माझी साखळी मात्र तुटलेलीच राहू द्या.