लाल रेघेच्या पुंगळ्या

टेबलावर बारुदाच्या दोन बरण्या होत्या.

ओरिन स्टेन्सरुड शनिवारी सकाळी कॉफीचा मग घेऊन तळघरात उतरला आणि शेवटच्या पायरीवरच थबकला. एका वेळी टेबलावर एकच बरणी, हा घरी काडतुसं भरणाऱ्यांचा पहिला नियम. न पाळणाऱ्यांची ओरिनने जन्मभर टर उडवली होती. नेमबाजीच्या क्लबात कोणी नवखा आला की हा त्याला बाजूला घेऊन सांगायचा, "हवं तर घरात दोन बायका ठेव, पण टेबलावर दोन बरण्या ठेवू नकोस."

एक बरणी कार्बाइनच्या काडतुसांसाठीची, दुसरी त्याच्या जुन्या शॉटगनसाठीची. दोन्हींतला बारूद करडा, चपट्या कणांचा. पण शॉटगनचा भलता तापट. कार्बाइनच्या मापाने तो भरला, तर काडतूस बाहेरून अगदी शहाण्यासारखं दिसतं आणि चाप ओढला की बंदूक गालाशी फुटते. डोळा जातो, हात जातो.

आणि परवा संध्याकाळी भरलेल्या काडतुसांचा डबा काल मार्लिस घेऊन गेली होती.

मार्लिस म्हणजे त्याची एकुलती लेक. शाळेची बस चालवते आणि शनिवारी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत कार्बाइनची मॅच मारते. छोटी, सुटसुटीत बंदूक, पिस्तुलाचीच काडतुसं खाणारी. ती काडतुसं ओरिन भरायचा. रिकामी पितळी पुंगळी पुसायची, बुडात नवी टिकली बसवायची, मापाने बारूद घालायचा, वर शिशाची गोळी ठेवून ती दाबून बसवायला प्रेसचा दांडा ओढायचा. शेवटी बुडावर लाल मार्करची रेघ. मॅचनंतर सगळ्यांच्या पुंगळ्या जमिनीवर एकत्र होतात, त्यांतून आपल्या वेचायला ती रेघ लागते. हल्ली मात्र मार्लिस त्या आणायची नाही. गवतात जातात म्हणायची. ओरिन कुरकुरायचा आणि नव्या मागवायचा. पण मॅच संपली की तिचा फोन ठरलेला. "डॅड, लोण्यासारखी चालली." त्या एका वाक्यावर म्हाताऱ्याचा अख्खा आठवडा निघायचा.

परवा काय झालं होतं? प्रेसपाशी बसलो. बायकोने, लॅव्हॉनने, जेवायला हाक मारली. हॉटडिश होती, वर बटाट्याचे कुरकुरीत तुकडे, हे लख्ख आठवतं. जेवून परत खाली आलो असणार, कारण डबा तर भरला होता. मग कोणती बरणी उघडली? ओरिनने डोकं दोन्ही हातांत धरलं. हॉटडिशच्या पुढे काहीच आठवेना.

एक काडतूस टेबलावर उरलं होतं. त्याने ते ठोकून उघडलं, आतला बारूद पांढऱ्या बशीत ओतला आणि शेजारी दोन्ही बरण्यांतली एकेक चिमूट ठेवली. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. पूर्वी तो बोटांत चोळून बारूद ओळखायचा. आज तिन्ही ढीग त्याला सारखेच दिसत होते, आणि याचीच त्याला जास्त भीती वाटली.

मार्लिसचा फोन लागेना. खाणीत सिग्नल नसतो, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक. गाडी लॅव्हॉन चर्चला घेऊन गेली होती, तिथे कुणाच्या तरी अंत्यविधीनंतरचं जेवण होतं. आणि गाडी असून तरी काय उपयोग? गेल्या ऑक्टोबरात दूध आणायला निघालेला ओरिन कॅनडाच्या रस्त्याला सापडला, त्याच आठवड्यात त्याचं लायसन्स गेलं.

समोरचा गेलन रास्क अंगणात पाणी मारत होता.

"गेलन, ट्रक काढ! खाणीवर जायचंय."

"अरे, पायात बूट तरी घाल. घर पेटलंय का?"

ओरिन खरंच नुसत्या मोज्यांवर होता. "मार्लिसकडे माझी काडतुसं आहेत. बारूद चुकीचा पडला असेल. कदाचित."

"कदाचित म्हणजे?"

"कदाचित म्हणजे मला आठवत नाही, गाढवा!"

गेलनने पाइप तसाच टाकला आणि किल्ली काढली.

गेलनची गाडी चालवण्याची रीत अशी, की ट्रॅक्टरसुद्धा त्याला ओलांडून जातात. ओरिन डॅशबोर्डवर हात रोवून बसला होता, जणू त्यानेच ट्रक ढकलायचा होता.

"मी बाबा सख्ख्या भावाच्या हातचं काडतूसही कधी बंदुकीत घातलं नाही," गेलन म्हणाला.

"परक्याचं कोणीच घालत नाही. पण मार्लिस माझीच वापरते. चौदा वर्षांची असल्यापासून. दुकानातली पेटी तिने कधी घरात आणली नाही."

गेलनने उगाचच आरसा नीट केला.

फाटकाशी धान्याची मालगाडी आडवी आली. डबे संपता संपेनात. ओरिनने दार उघडलं.

"कुठे निघालास?"

"डब्यांखालून पलीकडे जातो."

"बस खाली! लॅव्हॉन आज एका अंत्यविधीचं वाढतेय, तिला दुसऱ्याची तयारी करायला लावू नकोस."

ओरिन बसला. चर्चमध्ये प्रवचनाला हमखास डुलक्या काढणारा तो माणूस मोठ्याने म्हणाला, "माझे घे. डोळे, हात, काय हवं ते घे. तिचे नको." गेलनने डबे मोजत असल्यासारखं तोंड फिरवलं. गाडी आपल्याच चालीने जात राहिली.

खाणीच्या वळणावरच धडाधड आवाज आले. मार्लिसचाच नंबर चालू होता. कानांवर आवाज अडवणारे मफ, गालाशी कार्बाइन. रेंजवर कोणीही "थांबा" ओरडलं की सगळ्यांनी थांबायचं असतं, मग ओरडणारा शहाणा असो की खुळा. ओरिन ओरडला. वाऱ्याने ते ओरडणं पार मागे नेलं. तो मोज्यांनिशी खडीवरून धावत सुटला. तिने एक मारली. त्याने डोळे मिटले. दुसरी मारली. तिच्या पाठीपर्यंतचं अंतर कमीच होईना.

शेवटी मॅच चालवणाऱ्याने त्याला पाहिलं आणि हात वर केला. मार्लिसने बंदूक रिकामी करून टेबलावर ठेवली आणि मागे वळली.

"डॅड? तुझे बूट कुठेत?"

"मारू नकोस. माझी काडतुसं... टेबलावर दोन बरण्या होत्या. मला आठवत नाही, मार्लिस. मला काही म्हणजे काहीच आठवत नाही."

तिने त्याला घट्ट धरलं. "हे बघ, दोन्ही डोळे आहेत. दोन्ही हात आहेत. बस जरा."

तो खडीवर बसला, आणि हाताखाली एक कोमट पुंगळी आली. सवयीने त्याने ती उलटी करून बूड पाहिलं. मग दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"ह्या कोणाच्या?"

"माझ्याच."

"रेघ नाहीये."

मार्लिस त्याच्यासमोर उकिडवी बसली. मफ काढून तिने गळ्यात अडकवले.

"दुकानातल्या आहेत, डॅड."

"आज?"

"गेल्या ऑक्टोबरपासून." ती त्याच्याकडे न बघता सांगत गेली. "तुझ्या एका काडतुसात बारूदच नव्हता. नुसतं पुट्ट झालं आणि गोळी नळीतच अडकली. आवाज वेगळा आला म्हणून थांबले. तूच शिकवलं होतंस ना, आवाज बदलला की चापावरून हात काढ म्हणून. पुढची मारली असती, तर नळीच फुटून..."

"मला सांगायचं नाहीस?"

"त्याच आठवड्यात तुझं लायसन्स गेलं. एकाच आठवड्यात तुझं सगळं कसं काढून घेऊ मी?"

"आणि लोण्यासारखी चालली, ते?"

मार्लिसने मान खाली घातली.

"डबे कुठेत माझे?"

"गॅरेजमध्ये. सगळे आहेत. टाकवले नाहीत रे मला."

ओरिनने आजूबाजूला पाहिलं. ज्यांना त्याने एकेकाळी एका बरणीचा नियम शिकवला होता, ते सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे होते. गेलनसुद्धा. म्हणजे गावाला ठाऊक होतं. तेव्हापासून तो एकटाच तळघरात बसून दांडा ओढत होता, रेघा मारत होता, आणि शनिवारी दुपारी फोनशेजारी खुर्ची ओढून बसत होता. त्याला राग यायला हवा होता. पण लेकीचे दोन्ही डोळे समोर धडधाकट होते, आणि ते धडधाकट होते ते तिने त्याच्यावरचा भरवसा सोडला म्हणून. मग रागवायचं तरी कोणावर?

"जा," तो म्हणाला. "लोक खोळंबलेत. नंबर पुरा कर."

"डॅड..."

"जा म्हटलं ना."

गेलनने घडीची खुर्ची आणून त्याला नेमबाजांच्या मागे बसवलं आणि ट्रकमधले आपले मफ आणून त्याच्या कानांवर चढवले. मार्लिस पुन्हा उभी राहिली. चांगली मारत होती पोरगी, खांदा स्थिर, श्वास जागच्या जागी. हे तरी त्याने शिकवलेलंच होतं.

तिचा नंबर संपल्यावर बंदुका खाली गेल्या, तसा ओरिन खुर्चीतून उठला आणि वाकून पुंगळ्या वेचू लागला. डोक्यावरची टोपी काढून तिच्यात टाकत गेला. कोणी त्याला अडवलं नाही. आता घरी नेऊन पुसायच्या, बुडं तपासायची, टिकल्या बसवायच्या, असं मनाशी म्हणता म्हणता टोपी भरली, आणि तो तसाच वाकलेला थांबला. पुढे काय करायचं ते त्याला कळेना.

मार्लिस त्याच्या शेजारी येऊन उभी होती. त्याने टोपी तिच्यापुढे धरली.

"चांगल्या आहेत गं पुंगळ्या," तो म्हणाला. "कोणाला तरी देऊन टाक."