आठवी पायरी

जिन्यावरचा गालिचा काढायचा होता. पायऱ्या तेरा. गालिचा पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दाबून धरणाऱ्या पितळी दांड्या तेरा. दांड्या अडकवायच्या कड्या सव्वीस, प्रत्येक कडीला दोन स्क्रू, म्हणजे बावन्न. खालच्या टोकाला काळे खिळे सात. वरच्या टोकाला किती, ते अजून पाहायचं होतं, कारण बाबांना खालूनच सुरुवात करायची होती. फेब्रुवारीपासून ते चौथ्या पायरीच्या वर गेले नव्हते.

फेब्रुवारीत आई या जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्या आठवड्यात, कशी पडली ते न सांगताच, ती गेली. बाबा तेव्हा भाजीच्या वाफ्यावर होते. नोरीन मावशी, आईची धाकटी बहीण, रोज अकराला फोन करायची. त्या दिवशी कोणी उचलला नाही म्हणून ती दोन गल्ल्या चालत आली. तिनं पाहिलं ते असं: आई जिन्याखाली आणि तिच्याशेजारी आठव्या पायरीची दांडी. संध्याकाळी बाबांनी ती दांडी परत जागेवर सरकवली. अंत्यविधीनंतरच्या चहाला मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "दांडी निसटली. बसवली कोणी होती?" बाबांनी हातातली सँडविचची बशी खाली ठेवली. तेव्हापासून ते खालच्या खोलीत आरामखुर्चीत झोपतात.

किडरमिन्स्टरच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं गालिचे विणले. हाही त्यांच्याच मागावरचा. एका गुलाबाच्या पानात हिरव्याच्या जागी निळा धागा गेला, म्हणून विक्रीतून बाद झालेला. दर चौदा इंचांनी ते निळं पान येतं.

"मला फक्त आठवी बघायचीय, रोवी," ते मला म्हणाले. "कडी ढिली होती की नाही, एवढंच. मग घेऊन जा तो गालिचा कुठे न्यायचा तिथे."

"आणि ढिली निघाली तर?"

"तर ढिली होती."

मावशी जिन्यासमोरच्या खुर्चीत कोट न काढता बसली होती. मांडीवर चहाचा कप. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

मी बाबांचा मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा घेतला. दांडीच्या टोकाला दोरी बांधायची, काटा अडकवून बाजूला ओढायचं आणि दांडी कड्यांतून सरकेल तेव्हाचा आकडा वहीत लिहायचा. पहिली, साडेसहा किलो. दुसरी, सात.

"काट्यानं काय माझी बहीण परत येणार आहे?" मावशी म्हणाली.

"नाही, मावशी."

"मग कशाला तोलतेयस? मासळीबाजार आहे का?"

"नोरीन, चहा पी," बाबा म्हणाले.

"थंड झालाय. तुझ्या घरात सगळंच उशिरा होतं, क्लिफर्ड."

चौथ्या पायरीनंतर बाबा खालीच थांबले. मी एकटी वर सरकत गेले. काढलेल्या दांड्या खाली द्यायचे, बाबा त्या भिंतीशी एकाशेजारी एक उभ्या करायचे. दांड्या निघाल्या तरी गालिचा हलला नाही. घड्या पडून पडून त्याला जिन्याचाच आकार आला होता. पाचवी, सात. सहावी, साडेसहा. सातवी, सात.

आठवी, सव्वासात.

मी पुन्हा सरकवून पुन्हा ओढली. सव्वासात. दोन्ही कड्या बोटांनी हलवून पाहिल्या. चारही स्क्रू घट्ट.

"बाबा, ही आपोआप निसटणं शक्य नाही. ओढल्याशिवाय निघत नाही."

मावशी कप हातात घेऊनच उठली आणि थेट सातव्या पायरीपर्यंत चढून आली. वाकली आणि आठव्या पायरीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे गालिचा नवव्या पायरीच्या उभ्या फळीला टेकतो, तिथे हात घातला. हात आत गेला.

"हे बघ! हे काय? पिशवी झालीय नुसती. हा म्हणे कारागीर!"

तिचं खरं होतं. तिथे गालिच्याचा फुगा होता. बाबांनी दांडी परत बसवताना तो मागे दाबला असणार.

"मी ताणून बसवला होता," बाबा खालून म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दोन्ही गुडघे टेकून ताणला होता. ढिला कसा होईल?"

मी उरलेल्या पाच दांड्या काढल्या आणि वरच्या टोकाशी पोचले. या गालिच्याला वर हातभर जास्तीची लांबी दुमडून ठेवलेली असते. वर्षातून एकदा सगळ्या दांड्या काढून गालिचा दोन इंच खाली ओढायचा आणि खालचं टोक आत मुडपायचं, म्हणजे झीज एकाच जागी होत नाही. आमच्या गल्लीत हे काम दोघं मिळून करतात, एक वर, एक खाली.

"बाबा, वर तुम्ही खिळे कुठले मारले होते?"

"काळेच. सात. खालच्यासारखे."

"इथे खिळे नाहीत. लाल पिना आहेत. चार."

"कसल्या पिना?"

"ड्रॉइंग पिना. प्लॅस्टिकच्या डोक्याच्या."

मावशी सातव्या पायरीवरच खाली बसली. "कॅलेंडरच्या," ती म्हणाली.

चर्चचं कॅलेंडर फेब्रुवारीपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होतं. ते भिंतीवरून का उतरलं, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं.

मग बाबा चढले. चौथी, पाचवी. सातवीवर मावशीनं पाय आखडून त्यांना वाट दिली. आठवीवर त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. वर आल्यावर गुडघ्यांवर बसून त्यांनी एकेका पिनेवर अंगठा टेकवला.

"एकटीनंच सरकवायला घेतला तिनं. चार वर्षं झाली होती," ते म्हणाले. "ती म्हणायची, कडा पांढऱ्या पडल्यात, लोकं येतात, लाज वाटते. मी म्हणायचो, या रविवारी."

"या रविवारी," ते पुन्हा म्हणाले.

"मी अकराला फोन केला होता," मावशी खालून म्हणाली. फोन जिन्याखाली असतो. "बराच वेळ वाजू दिला. ती धावत येऊन उचलायचीच ना नेहमी."

मावशीनं कप पायरीवर ठेवला आणि कोटाच्या खिशात रुमाल शोधायला लागली. तिला तो सापडेना. बाबांनी आपला काढून मला दिला, मी तो खाली दिला.

"त्या चहाच्या वेळी मी बोलले ते…" मावशी म्हणाली.

"राहू दे, नोरीन."

गालिचा गुंडाळण्याआधी एक मोजमाप बाकी होतं. प्रत्येक पायरीच्या कडेवर, जिथे पाऊल पडतं, तिथे लोकर झिजून पांढरा पट्टा पडतो. गालिचा हलला नसेल तर पट्टा बरोबर कडेवर असतो, हलला असेल तर तितकाच खाली. मी पायऱ्यांवर टेप धरली. बाबांनी वरून दुसरं टोक धरलं आणि आकडे त्यांनीच वाचले, मी लिहिले.

पहिली ते आठवी : शून्य.

नववी ते तेरावी : दोन इंच.