एक पोचा, अठ्ठेचाळीस नग

डॉक्टर दिवसभर लोकांच्या दातांतली कीड काढतात आणि संध्याकाळी तीच मालगाडीच्या डब्यांना लावतात, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दवाखान्यामागच्या खोलीत एकेचाळीस मालडबे होते, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पटींनी लहान. दुकानातून येताना प्रत्येक डबा परीक्षेला निघालेल्या मुलासारखा नीटनेटका असे. मग डॉक्टर त्याला हाती धरत. गंज चढवत, रंगाचे पोपडे काढत, कड्या वाकवत आणि शेवटी छपरावर कबुतरांची घाण टाकत. ही घाण ते दात भरायच्या सिमेंटची करत, आणि ती इतकी हुबेहूब उतरे की कामवाल्या बाईंनी त्या खोलीत पाय ठेवायचं सोडलं होतं.

या एकेचाळीस डब्यांवर येत्या रविवारी पाणी सोडायची वेळ येण्याची दाट शक्यता होती. छोट्या रेल्वेवाल्यांचा एक क्लब होता आणि तो दरवर्षी हुबेहूब डब्याची स्पर्धा घेई. यार्डात उभा असलेला एक खरा डबा निवडायचा आणि त्याची प्रतिकृती करायची. स्पर्धेच्या दिवशी सकाळी परीक्षक स्वतः यार्डात जाऊन खरा डबा बघून येत, मग हॉलमध्ये भिंग लावून छोट्यात किती फरक आहेत ते मोजत. ज्याचे फरक कमी तो पहिला. बरोबरी झाली तर मागच्या वर्षीचा विजेता पहिला. मागच्या वर्षीचा विजेता गेली सहा वर्षं एकच माणूस होता. ते घड्याळं दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत. डॉक्टर सहाही वर्षं दुसरे. गेल्या खेपेला बक्षीस समारंभात डॉक्टरांचा तोल गेला आणि त्यांनी माईक घेऊन जाहीर केलं की पुढच्या वर्षी आपण पुन्हा दुसरे आलो, तर आपले सगळे डबे घड्याळवाल्यांना देऊन टाकू. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात बायकोने वाजवल्या.

अकरा महिने डॉक्टर एकाच डब्यावर बसले होते. मालधक्क्याच्या मागे, आडबाजूच्या रुळावर तो खरा डबा दोन वर्षं उभा होता. चाकं रुळाला चिकटली होती, छपरावर झुडूप उगवलं होतं. डॉक्टर दर रविवारी जाऊन झुडपाची पानं मोजत आणि घरी येऊन एखादं पान लावत किंवा तोडत.

गुरुवारी दुपारी एका कडीला भोक पाडायचं म्हणून त्यांनी छोटा डबा दवाखान्यात नेला, कारण दातांच्या ड्रिलइतकं बारीक भोक दुसरं काही पाडत नाही. तो औजारांच्या ताटात ठेवला असताना खुर्चीवर पोहण्याचे मास्तर होते. दहा मीटरवरून पाण्यात सूर मारणारा हा माणूस इंजेक्शन दिसताच लाथा झाडू लागला. ताट उडालं. डबा फरशीवर दारावरच पडला आणि दाराला खालच्या कोपऱ्यात पोचा पडला, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा.

डॉक्टरांनी डबा उचलून खिडकीत ठेवला आणि मास्तरांचा दात भरला. कोणता भरला, ते आजही दोघांपैकी कोणाला नक्की सांगता येत नाही.

पोचा काढायचा तर वरचे गंजाचे अकरा महिने तडकणार होते. जेवायला आलेल्या मेहुण्याला डॉक्टरांनी हे सगळं समजावलं, भात पुढ्यात तसाच ठेवून. मेहुण्याचं बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलसाठी मागवलेले त्याचे अठ्ठेचाळीस कमोड रेल्वेत कुठेतरी गडप झाले होते. तेव्हापासून हॉटेलवाला त्याला थापाड्या म्हणत होता आणि तो स्वतः जगाकडे गांभीर्याने बघेनासा झाला होता.

"मग सोपं आहे की, भावजी," तो लोणच्याची फोड चोखत म्हणाला. "मोठ्या डब्याला पाडा पोचा."

डॉक्टरांनी पेन काढून सत्त्याऐंशीने गुणाकार केला. पोचा एक वीतभर लांब यायला हवा होता आणि अडीच बोटं खोल.

शुक्रवारी दुपारी दवाखाना बंद असताना दोघं स्कूटरवरून यार्डात गेले. डॉक्टरांकडे टॉवेलात गुंडाळलेला हातोडा होता आणि पोचा कापून काढलेला कागद. कागद दारावर नेमक्या जागी चिकटवायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. मेहुण्याला पहाऱ्यावर ठेवलं होतं, पण पहारा द्यावा असं तिथे एक कुत्रं सोडून कोणी नव्हतं, म्हणून तो डब्याला टेकून डब्यावरच्या चौकटीतली चिठ्ठी वाचत बसला. माल कुठून निघाला आणि कोणाला द्यायचा, हे लिहिलेली ही चिठ्ठी प्रत्येक डब्यावर असते. ऊन-पावसाने ती पिवळी झाली होती, पण वाचता येत होती.

"भावजी," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज इतका सपाट होता की डॉक्टरांचा हातोडा वरच राहिला. "ही चिठ्ठी छोट्या डब्यावर आहे?"

"आहे तर. अक्षर न् अक्षर. एका केसाच्या ब्रशने काढलीय. त्याच्यातच सतरा दिवस गेले."

"आणि काय लिहिलंय हिच्यावर?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. ओळी किती, कुठे शाई फुटलीय, तिसऱ्या ओळीतलं कोणतं अक्षर उडालंय, हे सगळं त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

"मी काढलंय ते," ते अखेर म्हणाले. "वाचलं नाही."

"माझ्या दुकानाचं नाव आहे, भावजी. पत्त्यासकट. खाली लिहिलंय, कमोड, अठ्ठेचाळीस नग, सांभाळून."

मेहुणा दर रविवारी ज्या टेबलाशी जेवायला बसायचा, त्याच टेबलावर सतरा दिवस त्याच्या दुकानाचं नाव बारीक अक्षरांत वाळत पडलं होतं. मग मेहुण्याचा चेहरा आणखीच उतरला, कारण त्याला आठवलं की चिठ्ठी रंगवताना भिंग त्यानेच धरलं होतं. सगळा वेळ भावजी त्याला म्हणत होते, हात हलवू नकोस, आणि तोही हाताकडेच बघत होता.

मालधक्क्याच्या ऑफिसातल्या बाईंनी आधी असा डबाच नसल्याचं सांगितलं. मेहुण्याने पाकिटात दोन वर्षं घडी घालून ठेवलेली पावती काढली. बाई खिडकीशी गेल्या, त्यांनी डबा पाहिला, पावती पाहिली, पुन्हा डबा पाहिला आणि खाली बसल्या. त्या रोज डबा खायला त्या झुडपाच्या सावलीत बसत होत्या.

त्यांनी धक्क्यावरच्या मुकादमाला पाठवलं. त्याने सील तोडलं, पण दार काही हलेना. कोणाकडे हातोडा आहे का, असं त्याने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. डॉक्टरांनी टॉवेल सोडला. हा माणूस हातोडा घेऊन का फिरतो, हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी कागदावर नेम धरला आणि ऑफिसच्या परवानगीने, चार माणसांदेखत, एक वीत लांब आणि अडीच बोटं खोल असा पोचा पाडला. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून सहा वर्षांत झालं नव्हतं.

तेवढ्यात दार कुरकुरत पुरतं उघडलं आणि तसंच अडकून बसलं.

आत गवतात दोन थरांत अठ्ठेचाळीस पांढरेशुभ्र कमोड बसले होते. एकालाही तडा नव्हता. मेहुणा दारातच मांडी घालून बसला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. डॉक्टरांचेही डोळे भरून आले. माल उतरवायला माणसं सोमवारीच मिळणार होती, आणि दार आता बंद होत नव्हतं. म्हणजे रविवारी परीक्षकांना उघडा डबा दिसणार होता, कमोडांसकट. छोट्या डब्याचं दार चिकटवलेलं होतं आणि आत नुसती हवा होती.

शनिवारी दवाखान्यावर पाटी लागली की डॉक्टर घरगुती अडचणीमुळे येणार नाहीत. ते खोटं नव्हतं. छोट्या डब्याचं दार सकाळीच पात्याने सोडवून उघड्या जागी पुन्हा चिकटवलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर कवळ्या करायचं साहित्य पसरलं होतं. डॉक्टरांनी आधी एक कमोड कोरला, नखाएवढाही नाही, मग त्याचा साचा घेतला आणि एकामागून एक नग ओतायला सुरुवात केली. मेहुणा बाजूला बसून भिंगातून तपासत होता. हा माणूस भिंग धरूनही स्वतःच्या दुकानाचं नाव ओळखू शकला नव्हता, पण कमोडच्या बाबतीत त्याची नजर कोणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. याची मान आखूड झालीय. याची बैठक सोळा इंची वाटते, कंपनी साडेपंधराची देते. हा तर सरळ मागच्या मॉडेलचा झालाय, भावजी, असले आम्ही बंद केले.

दुपारी बायको चहाला दूध शोधत आली. फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी, बशीत बारा कमोड घट्ट व्हायला ठेवले होते. तिने फ्रीज बंद केला.

"रागावून माहेरी जावं म्हटलं," ती म्हणाली, "तर माहेरही इथेच बसलंय."

रविवारी हॉल भरला होता. परीक्षक मालधक्क्यावरचे निवृत्त साहेब होते. नोकरीत असताना त्यांनी आयुष्यभर नग मोजले होते आणि निवृत्तीनंतर ती सवय कुठे ठेवावी हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी आधी घड्याळवाल्यांचा डबा घेतला. पाऊण तासाने मान वर केली आणि सांगितलं की गंजाचा एक ओघळ किंचित लांब आहे. एक फरक. घड्याळवाले शांतपणे बसून राहिले.

मग डॉक्टरांचा. झुडपाची पानं जुळली. चिठ्ठी जुळली. दाराच्या पोच्यावर साहेबांनी भिंग धरलं, खिशातला फोटो काढून बघितला आणि नकळत मान डोलावली. अजून एकही फरक नव्हता.

"आता आतला माल," साहेब म्हणाले. "सकाळी मी स्वतः आत चढून मोजला. सत्तेचाळीस नग."

डॉक्टरांनी सावकाश मान वळवून मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"एक मी पहाटे नेला," तो ओठ न हलवता पुटपुटला. "हॉटेलवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. दोन वर्षं थापाड्या म्हणत होता, भावजी. मला काय माहीत, कोणी कमोड मोजतं म्हणून."

एक फरक म्हणजे बरोबरी. बरोबरी म्हणजे घड्याळवाले पहिले. एकेचाळीस डबे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून एका रांगेत निघाले.

साहेबांनी नग मोजायला टाचणी हवी म्हणून बॅगेत डोकं घातलं. त्या तेवढ्या वेळात मेहुणा पुढे झुकला. वरच्या थरातला उजवीकडून पहिला, म्हणजे खऱ्या डब्यातून उचलला होता नेमका तोच, त्याने दोन नखांत धरला आणि उपटला. कट् असा आवाज झाला. डॉक्टरांना खोकला आला. आणि साहेबांनी डोकं वर काढलं तेव्हा मेहुण्याच्या हातात काही नव्हतं, फक्त त्याचं तोंड जरा जास्तच मिटलेलं होतं.

साहेबांनी टाचणीच्या टोकाने एकेक नग मोजला. सत्तेचाळीस झाले. त्यांनी पुन्हा मोजले.

"माल तुमचाच ना?" त्यांनी मेहुण्याला विचारलं. "मूळ नग किती होते?"

मेहुण्याने मान हलवली. साहेब थांबले होते. सगळा हॉल थांबला होता. मेहुण्याने डोळे मिटले, त्याच्या गळ्यातली गाठ एकदा वर जाऊन खाली आली.

"अठ्ठेचाळीस, साहेब," तो म्हणाला. "एक आज सकाळी मी नेला."

साहेबांनी कागदावर शून्य लिहिलं.

डॉक्टरांच्या हातात कप आला, फोटो निघाले, बायकोने या वेळी अगदी बेताने टाळ्या वाजवल्या. गर्दी पांगल्यावर घड्याळवाले उठले आणि त्या दोघांपाशी आले. उजव्या डोळ्यावरचं भिंग त्यांनी अजून काढलं नव्हतं. या माणसाला सेकंदकाट्याचा आस कुठे वाकलाय ते दिसतं, तिथे त्याला एक कमोड दिसला नसेल असं मानायला काही आधार नव्हता.

घड्याळवाले डॉक्टरांशी बोललेच नाहीत. ते मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "दोन दिवस केळी खा. पाणी भरपूर. काही होत नाही."

मेहुण्याने भीत भीत विचारलं की तुम्हाला कसं माहीत.

"मी दिवा गिळला होता," घड्याळवाले म्हणाले. "डब्यामागचा, लाल. तीन वर्षं झाली. खऱ्या डब्याचा आदल्या रात्री कोणीतरी चोरला होता." आणि भिंग काढून, पुसून, खिशात ठेवून ते निघून गेले.

डॉक्टर कपासकट पायरीवर बसले. तीन वर्षांपूर्वी दोघांची बरोबरी झाली होती, म्हणजे ते एका दिव्याने हरले होते.