न उघडता विकलेली पटकथा

मित्रांनो, मी एक जुनी पटकथा आहे. मी विकले गेले, पण मला वाचलं कोणी नाही. असा सौदा तुम्ही भाजीबाजारातही पाहिला नसेल. तिथं गिऱ्हाईक निदान वांगं दाबून तरी बघतं.

सिनेमात कोण कुठून येतो, काय बोलतो, कधी गप्प बसतो, हे सगळं आधी कागदावर लिहितात. तो गठ्ठा म्हणजे मी. माझा जन्म बुलढाण्याच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाला. तिथं शिकवणारा प्रेमानंद माझा लेखक. संध्याकाळी मुलं गेली की तो मला टाइप करत बसायचा. माझ्यात एका क्लॅरिनेटवाल्याची गोष्ट आहे. तालुक्यातल्या साऱ्या वराती त्यानं वाजवल्या, पण त्याचं नाव एकाही घराला ठाऊक नाही. कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मला स्पायरल बाइंडिंग झालं, वरून निळं प्लास्टिक चढलं. प्रेमानंदनं मला उचलून माझा वास घेतला. माझ्या वाट्याचं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

त्याचं गाव साखरखेर्डा. घरी आई, जनकाबाई. माणसं दोनच. शनिवारी तो गावी यायचा आणि नवं लिहिलेलं आईला तोंडी सांगायचा. आमच्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हूं' म्हणायचं असतं. त्याला हुंकारा म्हणतात. हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानं समजायचं, माणूस पेंगला किंवा कंटाळला. आणि मुकाट्यानं गोष्ट आवरती घ्यायची. तशी रीतच आहे. जनकाबाईंचा हुंकारा मात्र कधी थांबत नसे. भाकरी थापताना हूं, लसूण सोलताना हूं. मी अर्धी त्या हुंकाऱ्यावरच वाढले.

रामरावमामांना हे पटत नव्हतं. त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. "भाचे, सिनेमा पाहाची गोष्ट हाय, लिहाची नाही," ते म्हणत. "गल्ल्यावर बस." शेवटी ठरलं की दिवाळीपर्यंत मी विकले गेले तर ठीक, नाहीतर लिहिणं बंद आणि दुकान सुरू. मामांनी भाच्यासाठी नवी खुर्चीही आणून ठेवली. तिचं वेष्टण काढलं नव्हतं. माणूस आशावादी होता, पण खुर्ची परत करायची सोय ठेवून.

प्रेमानंदची मावसबहीण समता मूळची वरवट बकालची. मुंबईत मालिका लिहिणाऱ्यांकडं ती मदतनीस होती. त्यानं तिला फोन लावला.

"ताई, पटकथा पाठवून देऊ का?"

"कोण वाचते रे इथं? इथं ऐकतात. घेऊन ये. आन् आधी लेखकांच्या संघटनेत नोंदणी कर, मंगच कोणासमोर तोंड उघड."

मलकापूरहून गाडी धरून आम्ही मुंबईला गेलो. निर्मात्या भार्गवीबाईंचं ऑफिस थंडगार होतं. प्रेमानंदनं मला मांडीवर ठेवलं आणि सुरुवात केली. सुरुवात म्हणजे काय, क्लॅरिनेटवाल्याचा आजा, त्याची बैलजोडी, बँडमधले सगळे जण, त्यांची सोयरीक! गोष्ट यायला वेळ लागला, पण आली. भार्गवीबाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. अगदी गप्प.

प्रेमानंद अडखळला. थोडं पुढं गेला. पुन्हा थांबला. 'हूं' काही येईना. मग त्यानं बिचाऱ्यानं गोष्ट मध्येच आवरली. "बस मॅडम, एवढंच."

"शेवट नाही वाटतं गोष्टीला," भार्गवीबाई म्हणाल्या. "शेवट सापडला की या पुन्हा."

मित्रांनो, शेवट माझ्या पोटात होता! त्यांच्या टेबलापासून हातभर अंतरावर. पण मला कोणी उघडलं नाही.

बाहेर आल्यावर समता भडकली. "काऊन थांबला रे?"

"मले वाटलं त्यायले झोप आली. हूं नाही, हाव नाही."

"अरे, ऐकून राह्यल्या होत्या त्या! इथले लोक हूं म्हणत नाहीत. हूं म्हटलं की त्यायले वाटते, सही केली." मग तिला हसू आलं. "आता ऐक. आधी एका वाक्यात सांग, माणूस कोण, त्याले काय पाहिजे, आन् आडवं कोण येते. त्याचा आजा घरी ठेव. आन् समोरचा दगडासारखा बसला तरी शेवटापर्यंत जाय."

दगडासमोर बोलायची सवय करायची, तर दगड आणायचा कुठून? प्रेमानंदला घरातच सापडला. गावी येऊन त्यानं आईला समोर बसवलं.

"आई, आज हूं म्हणायचं नाही."

"मंग ऐकू कशी?"

"नुसतं ऐक ना."

"हूं नाही म्हटलं तं मलेच ऐकल्यासारखं वाटत नाही, बाबू."

पण ऐकलं बिचारीनं. तोंडावर पदर धरून बसली. पहिल्या शनिवारी प्रेमानंद पुन्हापुन्हा अडला. नंतर कमी. दसऱ्याच्या सुमारास तो घडाघडा शेवटापर्यंत गेला. क्लॅरिनेटवाल्याच्या लेकीच्या लग्नात त्यालाच वाजवायला बंदी होते, तो शेवट. जनकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी आवाज केला नाही. मनाई होती ना. प्रेमानंद तेव्हा घड्याळात बघत होता. "जमलं!" तो म्हणाला.

खरंच जमलं. दुसऱ्या खेपेला भार्गवीबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण हा थांबला नाही. गोष्ट संपल्यावर त्यांनी खुर्ची आमच्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "ही मला हवी. प्रत मेलवर पाठवून द्या." मला आनंद झाला. वाईटही वाटलं. मी मांडीवरच होते हो.

करार झाला. मामांनी खुर्ची परत केली. प्रेमानंद पुढच्या लिखाणासाठी मुंबईलाच राहिला आणि मला साखरखेर्ड्याच्या लोखंडी कपाटावर जागा मिळाली, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी. त्या पत्रिकाही एकदाच वाचल्या जातात, पण एकदा तरी वाचल्या जातात.

परवा दुपारी जनकाबाईंनी मला खाली काढलं, पुसलं, मांडीवर घेतलं. तेवढ्यात प्रेमानंदचा फोन आला. त्याचं बोलणं आता किती रेखीव झालंय! कोण भेटलं, त्याला काय हवं होतं, आडवं कोण आलं. जनकाबाई 'हूं' म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. तो त्या 'हूं'साठी थांबत नव्हता. त्यांनी मध्ये एकदा "आन् माह्यं..." असं सुरू केलं, तोवर तो शेवटाला पोचला होता. "बरं आई, ठेवतो."

फोन बंद झाला. जनकाबाईंनी माझ्या प्लास्टिकवर हात ठेवला.

"सोमवारी डोळ्याचं आपरेशन हाय माह्यं," त्या म्हणाल्या. "चिखलीले जा लागते. सोबत कोण येते, पाहून राह्यली."

आणि थांबल्या.

मित्रांनो, गोष्ट सांगायला जरूर शिका, विकायलाही शिका. दगडापुढं न अडखळता बोलता आलं पाहिजे. पण घरचं माणूस बोलायला लागलं की हातातलं ठेवून त्याला 'हूं' म्हणा. मोठ्यानं म्हणा, ऐकू जाईल असं. मी कागद आहे. माझ्या पोटात एवढे संवाद आहेत, पण मला तेवढं एक येत नाही.

जनकाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग, रीत आहे म्हणून, त्यांनी पुढचं आवरतं घेतलं.