डावा खुबा

"हलू नकोस हं. अगदी पुतळा हो," एक्स-रे आणि स्कॅन काढणारा तंत्रज्ञ म्हणाला. एकोणीस वर्षांत शेकडो मुलांना त्याने हेच सांगितलं होतं. आज टेबलावर त्याची स्वतःची मुलगी होती.

"बाबा, पुतळ्याला खाज सुटते का?" बारा वर्षांच्या पोरीने ओठ जेमतेम हलवत विचारलं.

"सुटते. पण तो सांगत नाही."

चार महिने ती लंगडत होती. पहिल्याच आठवड्यात त्याने तिचा एक्स-रे काढला होता. फिल्म एकदम स्वच्छ. मग घरात त्याचाच शब्द शेवटचा ठरला. "हाडाला काही झालेलं नाही. खेळाच्या तासाला दांडी मारायचीय, म्हणून ही नाटकं." ती जिन्यात कठडा धरून थांबली की तो खालून ओरडायचा, "सरळ चाल!" आणि ती चालायची. ओठ दाताखाली धरून, पण सरळ.

शेवटी बायकोच इरेला पेटली. "तुमचं मशीन म्हणजे काय देव आहे?" असं म्हणून तिने परस्पर हाडांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी बोन स्कॅन लिहून दिला.

सकाळी शिरेतून औषध दिलं होतं. हाडात जिथे काही बिघडत असतं, तिथे ते जास्त साठतं आणि पडद्यावर काळं दिसतं. आता काचेपलीकडच्या खोलीत, पडद्यावर ठिपका ठिपका जमून चित्र उमटत होतं. उजवा खुबा हवा तसा आला. डावा मात्र भरतच गेला. सांध्याच्या दोन्ही बाजूंना काळं, गच्च काळं. त्याने पडद्याची गडदता कमी केली. काळं तसंच राहिलं. त्याने फोन उचलून डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई आल्या आणि पडद्यावर वाकल्या.

"खुब्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजायला लागलीय. एक्स-रेत हे दिसायला अजून दोन-तीन महिने गेले असते. तोवर सांधा आखडून बसला असता."

"आता?"

"पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या, औषधं, व्यायाम. लवकर सापडलंय, बराचसा वाचेल. पूर्वीसारखा होईल, असं मात्र सांगत नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "दुखणं कधीपासून?"

"चार महिने." त्याने कागदावर बोट ठेवलं. "सांगत होती ती. मीच ऐकलं नाही. तेही लिहा."

"त्याला रकाना नसतो," त्या हळूच म्हणाल्या.

तो आत गेला. मुलगी छताकडे बघत पडून होती.

"दिसलं काही?"

"दिसलं."

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते!"

त्याला तिच्याकडे बघवेना. खाली वाकून त्याने तिला उचललं. कितीतरी वर्षांनी. ती जड झाली होती. तो तिला घेऊन बाहेर आला. बाकांवरची माणसं, नर्सबाई, सगळे वळून पाहू लागले.

"बाबा, खाली ठेवा ना. सगळे बघतायत."

"बघू देत."

तिने त्याच्या खांद्यावर मान टाकली आणि डावा पाय सैल सोडून दिला.